मोंढ्याच्या गावातून फायनान्शियल इंजिनिअरिंगकडे : बी.एस्सी.ला कोणतं गणित घ्यावं?

ज्यांच्या घरचा माल जालन्याच्या मोंढ्यात जातो, त्यांना भावाची जोखीम वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सोयाबीन काढणीबरोबर विकायचं की दिवाळीनंतर, मोसंबीची बाग फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला उक्ती द्यायची की तोडणीपर्यंत थांबायचं, सळईचा दिलेला भाव कारखानदारानं किती दिवस पाळायचा, असे निर्णय या जिल्ह्यात रोज घेतले जातात. उद्याचा भाव कुणालाच माहीत नसतो, तरी आज त्याचा काहीतरी हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब मांडण्याचं, जोखीम मोजण्याचं आणि ती पेलू शकणाऱ्याकडे सोपवण्याचं जे शास्त्र आहे त्याला फायनान्शियल इंजिनिअरिंग म्हणतात. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, शेअर बाजारांची क्लिअरिंग कॉर्पोरेशन्स या सगळ्यांना ते जाणणारी माणसं लागतात.

नावात इंजिनिअरिंग असलं तरी या विषयाचा पाया गणिताचा आहे. म्हणून जालना, अंबड, परतूर किंवा भोकरदनच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींसाठी हा रस्ता खुला आहे. जेईएस किंवा बारवाले महाविद्यालयात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेले विद्यार्थी, बारावीनंतर विषय निवडणारी मुलं आणि त्यांचे पालक डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहितो आहे. माझं म्हणणं एकच आहे: पदवीची तीन-चार वर्षं गणितावर खर्च करा. शेअर, बाँड, डेरिव्हेटिव्ह यांची ओळख मास्टर्सच्या पहिल्या सत्रात करून दिली जाते. लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी मात्र तुम्हाला येतच असणार, असं तिथे गृहीत धरलेलं असतं.

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करणं हा या शिक्षणाचा भाग नाही आणि त्याची पूर्वतयारीही नाही. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णव जण तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. शिकण्यासाठी म्हणून वडिलांच्या खात्यातून सौदे करू नका. शिकायचं ते वहीवर आणि संगणकावर शिकता येतं.

सोयाबीनचा एक हिशेब

कोणते विषय घ्यावेत हे सांगण्याआधी ते का घ्यावेत हे एका उदाहरणातून पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. समजा, आज सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,५०० रुपये आहे. तीन महिन्यांनी तो एकतर ५,००० होईल किंवा ४,२०० होईल, तिसरी शक्यता नाही. व्याज सध्या बाजूला ठेवू. शेतकऱ्याला हमी हवी आहे की भाव पडला तरी आपल्या पदरात ४,५०० पडावेत. म्हणजे भाव ४,२०० झाला तर हमी देणाऱ्यानं ३०० रुपये भरून द्यायचे, ५,००० झाला तर काहीच द्यायचं नाही. या हमीची, बाजाराच्या भाषेत या ऑप्शनची, आजची किंमत किती?

पहिलं उत्तर सुचतं ते असं की, भाव पडण्याची शक्यता किती आहे ते आधी सांगा, मग किंमत काढू. गंमत अशी की ती शक्यता माहीत नसली तरी किंमत निघते. हमी देणारा शेतकऱ्याकडून १८७.५० रुपये घेतो आणि त्याच वेळी वायदे बाजारात ०.३७५ क्विंटल सोयाबीन ४,५०० च्या भावानं विकतो. भाव ४,२०० झाला तर वायद्यात त्याला क्विंटलमागे ३०० प्रमाणे ११२.५० मिळतात. हातातले १८७.५० धरून बरोबर ३०० होतात, ते तो शेतकऱ्याला देतो. भाव ५,००० झाला तर वायद्यात क्विंटलमागे ५०० प्रमाणे १८७.५० जातात, हातातले तेवढेच असतात, आणि शेतकऱ्याला काही द्यायचं नसतं. दोन्ही बाजूंनी त्याचा हिशेब शून्यावर येतो. म्हणून हमीची किंमत १८७.५०. भाव वाढेल असं मानणारा आणि पडेल असं मानणारा, दोघांनाही ती मान्य करावी लागते.

०.३७५ आणि १८७.५० हे आकडे कुठून आले? दोन अज्ञात राशींची दोन समीकरणं सोडवून. दहावीतलंच गणित आहे. पण दोनऐवजी शंभर शक्यता आणि एका मालाऐवजी वीस वस्तू घेतल्या की हेच लिनिअर अल्जेब्रा होतं: समीकरणांना उत्तर आहे का, असल्यास एकच आहे का, नसल्यास जवळात जवळचं कोणतं. तीन महिन्यांचे हजारो छोटे टप्पे केले आणि प्रत्येक टप्प्यावर भाव थोडा वर किंवा थोडा खाली जाऊ दिला, की तुम्ही ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सूत्रापाशी पोचता. टप्प्यांची ही मांडणी कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाईन यांनी १९७९ मध्ये केली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ती पूर्ण समजते.

आता यातली अट पाहा. हमी देणाऱ्याला वायद्यात विक्री करता आली पाहिजे. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि पुढे त्या बंदीला मुदतवाढ मिळत गेली. वायदाच नसेल तर वरची जुळणी करता येत नाही आणि १८७.५० हा आकडा कागदावर राहतो. प्रत्येक सूत्रामागे अशी गृहीतकं असतात आणि ती कोणती हे ओळखणं हाच या व्यवसायातल्या माणसाचा खरा उपयोग असतो. गृहीतक कुठे वापरलं गेलं हे शोधण्याची सवय प्रमेयाची सिद्धता वाचताना लागते, म्हणून पुढे मी रिअल अॅनालिसिसचा आग्रह धरणार आहे.

मोसंबीचं उदाहरण याच्या उलट आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचे बागायतदार हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भाग घेतात. त्या विम्यात ठरलेल्या काळात मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की भरपाई मिळते. गणिताच्या नजरेनं हे पावसावरचं ऑप्शनच आहे. पण पावसाचा वायदा इथे कुणी विकत नाही, त्यामुळे सोयाबीनसारखी जुळणी करून किंमत काढता येत नाही. तिथे जुन्या पावसाच्या नोंदी घेऊन वितरण बसवावं लागतं, अंदाजातली चूक किती असेल हे सांगावं लागतं, आणि केंद्रावर पडलेला पाऊस शेतात पडलाच नाही तर काय, या प्रश्नाचाही हिशेब करावा लागतो. हे संख्याशास्त्राचं काम. जुळणीचं गणित आणि नोंदींचं गणित असे दोन्ही हात या विषयाला लागतात, आणि बी.एस्सी.त दोन्हींची सोय करता येते.

मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह

महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. पूर्वी ‘गणित-भौतिक-रसायन’ किंवा ‘गणित-संख्याशास्त्र-संगणक’ असा तयार गट निवडला की तीन वर्षांचा प्रश्न मिटत असे. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय अशी निवड वेगवेगळ्या टप्प्यांवर करावी लागते. बरेच विद्यार्थी ती वेळापत्रक पाहून किंवा मित्र कोणत्या वर्गात बसतात ते पाहून करतात. या रस्त्याला जायचं असेल तर ती विचारपूर्वक करा.

मेजर गणित ठेवा. मायनर म्हणून संख्याशास्त्र मिळत असेल तर दुसरं काही पाहू नका. महाविद्यालयात संख्याशास्त्राचा विभाग नसेल तर संगणकशास्त्र घ्या आणि संख्याशास्त्र स्वतः भरून काढा, त्याबद्दल पुढे सांगतो. संख्याशास्त्र मेजर आणि गणित मायनर ही उलट जोडीही उत्तम आहे, फक्त तेव्हा रिअल अॅनालिसिस मायनरमध्ये येतंय का ते पाहा.

ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो अनेकदा ओझं वाटतो, तुमच्यासाठी मात्र ती संधी आहे. वाणिज्य शाखेचा लेखाकर्माचा प्राथमिक पेपर किंवा अर्थशास्त्राचा सूक्ष्मलक्ष्यी पेपर तिथे घ्या. ताळेबंद वाचता येणं आणि व्याजदर म्हणजे काय ते कळणं, पदवीच्या पातळीवर वित्ताचं एवढं ज्ञान मला पुरेसं वाटतं. कौशल्याच्या विषयांत पायथॉन असेल तर तो घ्या.

विषयांचा क्रम आणि वजन

कॅल्क्युलसबद्दल फार बोलत नाही, कारण ते सगळ्यांनाच असतं. एवढंच की, एका चलाच्या कॅल्क्युलसवर थांबू नका. अंशतः विकलन, अनेक चलांतली टेलर श्रेणी, दुहेरी समाकलन आणि लाग्रांजची गुणक पद्धत हाताखालून गेली पाहिजे. टेलर श्रेणीतलं दुसरं पद आपण एरवी लहान म्हणून सोडून देतो. भावाच्या यादृच्छिक चालीत ते सोडता येत नाही: प्रत्येक पाऊल काळाच्या वर्गमुळाएवढं वर किंवा खाली असेल, तर सगळ्या पावलांच्या वर्गांची बेरीज बरोबर लोटलेल्या काळाएवढी भरते. जपानी गणिती कियोशी इतो यांच्या प्रसिद्ध सूत्रातलं जादा पद इथून येतं. ज्याला टेलर श्रेणी नीट येते त्याला हे सूत्र एका बैठकीत समजतं.

लिनिअर अल्जेब्रावर मात्र पूर्ण वर्ष द्या. आपल्याकडे हा विषय बऱ्याचदा मॅट्रिक्सच्या आकडेमोडीपुरता शिकवला जातो, नाहीतर सदिश अवकाशाच्या व्याख्यांपुरता. दोन्ही जोडायला हवं. निफ्टीतल्या ५० कंपन्यांच्या चढउतारांचे परस्परसंबंध मांडायचे तर ५० बाय ५० ची मॅट्रिक्स लागते आणि तिच्यात १,२७५ वेगवेगळ्या संख्या असतात. समजा, तुमच्याकडे फक्त ४० दिवसांच्या नोंदी आहेत. त्यांवरून ही मॅट्रिक्स काढली तर तिची रँक ३९ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे कागदावर असा गुंतवणूक-संच नक्की सापडतो ज्याची जोखीम शून्य दिसते. ती शून्य नसते, नोंदीच कमी होत्या. संगणक हे सांगणार नाही, तो उत्तर देऊन मोकळा होईल. रँक-नलिटी प्रमेय समजलेल्या विद्यार्थ्याला ते आधीच कळतं. आयगेन व्हॅल्यू, सममित मॅट्रिक्सचं कर्णरूप, पॉझिटिव्ह डेफिनिट मॅट्रिक्स आणि लीस्ट स्क्वेअर्स हे चार भाग पक्के करा. एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची या विषयावरची व्याख्यानं मोफत पाहता येतात. इंग्रजी सोपं आहे आणि भौमितिक समज फार चांगली मिळते.

याच्या जोडीला लिनिअर प्रोग्रॅमिंगचा किंवा ऑपरेशन्स रिसर्चचा पेपर मिळाला तर जरूर घ्या. या विषयात आपल्याच भाषेतलं एक मोठं नाव आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅबमध्ये असताना लिनिअर प्रोग्रॅमिंगची नवी पद्धत शोधली. बहुपृष्ठाच्या कडाकडांनी न जाता आतून मार्ग काढण्याच्या त्यांच्या कल्पनेतून ज्या पद्धती वाढल्या, त्या आज मोठे गुंतवणूक-संच ठरवताना रोज वापरल्या जातात.

प्रोबॅबिलिटी हा सगळ्यात महत्त्वाचा विषय आहे आणि मराठवाड्यातल्या गणिताच्या विद्यार्थ्याचा तोच सगळ्यात कच्चा राहतो. तो संख्याशास्त्राचा म्हणून गणितवाले त्याकडे पाहत नाहीत, आणि बारावीत शिकलेल्या फासे-पत्त्यांच्या गणितांपुढे अनेकांची गाडी जात नाही. तिसऱ्या वर्षी मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा ऐच्छिक पेपर आणि मेकॅनिक्स किंवा तत्सम दुसरा पेपर यांत निवड करायची वेळ आली, तर स्टॅटिस्टिक्स घ्या, गुण कमी पडतील अशी भीती असली तरी. संयुक्त वितरण, मोमेंट जनरेटिंग फंक्शन, मध्यवर्ती सीमा प्रमेय आणि कंडिशनल एक्स्पेक्टेशन, म्हणजे मिळालेल्या माहितीच्या आधारे अपेक्षित मूल्य, हे भाग यायलाच हवेत. त्यातही शेवटचा. वर सोयाबीनच्या उदाहरणात आपण भाव वाढण्याची खरी शक्यता कधी विचारलीच नाही. पण ४,५०० हा आजचा भाव ५,००० आणि ४,२०० यांची भारित सरासरी मानला, तर वाढीचा भार ०.३७५ निघतो आणि पडण्याचा ०.६२५. आता ३०० ला ०.६२५ नं गुणून पाहा: पुन्हा १८७.५०. खऱ्या शक्यतेच्या जागी असे कृत्रिम भार घेऊन काढलेलं अपेक्षित मूल्य म्हणजेच किंमत, हे या संपूर्ण शास्त्राचं मध्यवर्ती प्रमेय आहे. मास्टर्सला मार्टिंगेल, मेजर (इथे मुख्य विषय नव्हे, संभाव्यतेचं माप) बदलणं असे शब्द आले की घाबरायचं कारण नाही, त्यांचं बीज एवढंच आहे.

हे झाल्यावर रँडम वॉक आणि मार्कोव्ह चेन यांची ओळख करून घ्या. सुट्टीत वाचायला स्टीव्हन श्रीव यांच्या ‘स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस फॉर फायनान्स’चा पहिला खंड चांगला. त्यात वरच्यासारखी टप्प्याटप्प्याची मांडणीच आहे, अवघड मेजर थिअरी लागत नाही. पहिली तीन प्रकरणं उदाहरणं सोडवत पूर्ण केली तरी पुष्कळ झालं.

रिअल अॅनालिसिस पाठ करून उत्तीर्ण होता येतं, आणि विद्यार्थी तसं होतातही. दहा प्रमेयं पाठ, सहा येतात, काम झालं. तुम्ही मात्र असं करू नका. श्रेणी कधी अभिसारी होते, सीमा आणि समाकलन यांची अदलाबदल कधी चालते, एकसमान सातत्य वेगळं का, या प्रश्नांची उत्तरं तुमच्या स्वतःच्या शब्दांत देता यायला हवीत. याच पायावर पुढे मेजर थिअरी आणि स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस उभं राहतं. मास्टर्सच्या प्रवेश परीक्षांतही पाठांतर उपयोगी पडत नाही, कारण तिथे अनेकदा विधान दिलेलं असतं आणि ते खरं की खोटं हे ठरवायचं असतं. प्रत्येक प्रमेयातली एक अट काढून टाका आणि ते मोडणारं उदाहरण शोधा. हा सराव एकट्यानं करण्यापेक्षा दोघातिघांनी मिळून करावा.

डिफरन्शियल इक्वेशन्स अभ्यासक्रमात असतातच. त्यांतल्या पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्सकडे जास्त लक्ष द्या, विशेषतः उष्णता-समीकरणाकडे. ब्लॅक-शोल्सचं समीकरण चल बदलले की उष्णता-समीकरणच होतं. लाप्लास आणि फुरिए ट्रान्सफॉर्मचाही पुढे उपयोग होतो.

न्यूमेरिकल मेथड्सच्या पेपरात न्यूटन-रॅफसनची गणितं कॅल्क्युलेटरवर चार पायऱ्यांपर्यंत सोडवून घेतात. परीक्षेपुरतं ते करा, पण तीच पद्धत पायथॉनमध्ये लिहून पाहा. बाजारातल्या ऑप्शनच्या भावावरून त्यातली गृहीत अस्थिरता काढायला रोज हीच पद्धत वापरतात. मग सोयाबीनच्या उदाहरणाचे हजार टप्पे करा, नंतर तोच प्रश्न यादृच्छिक संख्या वापरून माँटे कार्लो पद्धतीनं सोडवा आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहा. माँटे कार्लोत उत्तराचा एक दशांश अंक वाढवायचा तर शंभरपट नमुने लागतात हे पुस्तकात वाचण्यापेक्षा स्वतःच्या संगणकावर थांबून पाहिलेलं लक्षात राहतं. अर्जासोबत दाखवायला अशा दोन-तीन प्रकल्पांची वही कोणत्याही ऑनलाइन प्रमाणपत्रापेक्षा वजनदार ठरते. घरी लॅपटॉप नसेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला संगणकही पुरतो.

नंबर थिअरी, अॅब्स्ट्रॅक्ट अल्जेब्रा, भूमिती, मेकॅनिक्स हे विषय सक्तीचे असतील तर मनापासून करा, सिद्धता लिहिण्याचा हात अॅब्स्ट्रॅक्ट अल्जेब्रानं फार चांगला तयार होतो. निवड असेल तिथे मात्र ते या रस्त्यावर मागच्या रांगेत बसतात. मला स्वतःला नंबर थिअरी अतिशय प्रिय आहे, तरी हाच सल्ला देईन.

महाविद्यालयात विषयच नसेल तर

एनपीटीईएल आणि स्वयम या मोफत सरकारी मंचांवर लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी, रिअल अॅनालिसिस यांचे आयआयटीच्या प्राध्यापकांनी शिकवलेले पूर्ण अभ्यासक्रम आहेत. आयआयटी गुवाहाटीचे गणिती वित्तावरचे अभ्यासक्रमही तिथे मिळतात. स्वयमवरचे काही अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्यास त्यांचे श्रेयांक पदवीत धरता येतात. आपल्या महाविद्यालयात त्याची काय व्यवस्था आहे हे सत्र सुरू होण्याआधी विभागप्रमुखांना विचारा, सत्र संपल्यावर विचारून उपयोग नसतो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अकरावी-बारावीला गणित सोडलेलं असेल तर फायनान्शियल इंजिनिअरिंगचा रस्ता फार लांबचा आहे. व्यापारी घरातल्या हुशार मुलामुलींसाठी सीए किंवा सीएफए हे जास्त जवळचे आणि तितकेच मानाचे मार्ग आहेत. गणित असेल आणि आवडत असेल तर ॲक्च्युअरीच्या परीक्षांचाही विचार करा. विम्याच्या त्या शिक्षणातली प्रोबॅबिलिटी आणि आपली प्रोबॅबिलिटी एकच आहे.

पुढे कुठे

भारतात ‘फायनान्शियल इंजिनिअरिंग’ या नावाचे मास्टर्स थोडे आहेत, म्हणून नावावर अडून बसू नका. पुद्दुचेरी विद्यापीठात क्वांटिटेटिव्ह फायनान्सची एम.एस्सी. आहे. पुण्याच्या गोखले संस्थेत फायनान्शियल इकॉनॉमिक्स आहे. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेनं स्थापन केलेल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेची अर्थशास्त्राची एम.एस्सी. गणिताच्या विद्यार्थ्यालाही घेते. पण माझ्या मते या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत भक्कम वाट म्हणजे आधी संख्याशास्त्रात किंवा गणितात चांगल्या संस्थेची एम.एस्सी. करायची: भारतीय सांख्यिकी संस्थेची एम.स्टॅट, आयआयटीतली गणित किंवा संख्याशास्त्राची एम.एस्सी., किंवा पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातली, जो वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ मध्ये उभा केला. खर्च कमी, शिक्षण पक्कं, आणि नोकरी देणारे याच पदव्यांकडे पाहतात.

या वाटेचं उदाहरण राजीव करंदीकर यांचं आहे. इंदूरला बी.एस्सी. करून ते भारतीय सांख्यिकी संस्थेत गेले, एम.स्टॅट आणि पीएच.डी. केली, स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसमध्ये नाव कमावलं, गोपीनाथ कल्याणपूर यांच्यासोबत ऑप्शनच्या किमतींच्या सिद्धांतावर पुस्तक लिहिलं, पुढे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे संचालक झाले आणि नंतर राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे अध्यक्ष. वित्ताकडे ते प्रोबॅबिलिटीतून आले.

परदेशी जायचं असेल तर कार्नेगी मेलन, कोलंबिया, न्यू यॉर्कचं बरूक कॉलेज ही या विषयातली नावाजलेली ठिकाणं. त्यांच्या अपेक्षा जवळपास सारख्याच असतात: अनेक चलांचं कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग. आपली तयारी किती आहे हे तपासायला बरूकच्या डॅन स्टेफानिका यांचं या विषयाच्या पूर्वतयारीचं पुस्तक उत्तम मोजमाप आहे. तीन वर्षांची पदवी चालते की चार वर्षांची लागते हे प्रत्येक विद्यापीठाकडून आधी विचारून घ्या, चौथ्या वर्षाचा निर्णय त्यावरच घ्यावा. शुल्काचा आकडा पाहून घरचे बिचकतात, ते स्वाभाविक आहे. जमीन गहाण ठेवण्याआधी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठीची तशीच योजना, सारथीची शिष्यवृत्ती यांच्या जाहिराती वाचा. त्यांत विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान पाहिलं जातं, म्हणून अर्ज करायची विद्यापीठं त्यानुसार निवडा. आणि घर सोडणं शक्यच नसेल, तर वर्ल्डक्वांट युनिव्हर्सिटीची फायनान्शियल इंजिनिअरिंगची एम.एस्सी. पूर्ण ऑनलाइन असून तिला शुल्क नाही. तिथली प्रवेशाची चाचणीही गणिताचीच आहे.

शेवटच्या वर्षाचं वेळापत्रक

आयआयटीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते आणि तिची नोंदणी आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, म्हणजे तिसऱ्या वर्षाचं पाचवं सत्र सुरू असतानाच. गणित आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स असे दोन वेगळे पेपर आहेत. प्रोबॅबिलिटी पक्की झाली असेल तर दुसरा द्या, त्यातही कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा असतंच. भारतीय सांख्यिकी संस्थेची परीक्षा मे महिन्यात होते. तिचे जुने वर्णनात्मक प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापासून सोडवायला घ्या, रोज एक सुटला तरी चालेल आणि दोन दिवस एकही सुटला नाही तरी चालेल.

परदेशी अर्जासाठी शिफारसपत्रं लागतात. ज्यांच्या वर्गात तुम्ही पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारले अशा दोन प्राध्यापकांना दिवाळीआधी भेटा आणि तुमच्या प्रकल्पाची प्रत त्यांना द्या, म्हणजे त्यांना लिहायला काहीतरी ठोस मिळेल. प्रत्येक पेपरचा विद्यापीठानं प्रसिद्ध केलेला अभ्यासक्रम सत्रागणिक जपून ठेवा, कारण ‘गणित पेपर तीन’ या नावावरून परदेशातल्या समितीला त्यात लिनिअर अल्जेब्रा होतं हे कळत नाही, ते तुम्हालाच दाखवून द्यावं लागतं. आणि ट्रान्स्क्रिप्टसाठी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात जायचं काम अर्जाच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पाचव्या सत्राचा निकाल लागला की लगेच अर्ज टाका.